जेडचा गोटा कोणत्या बाजूने कापावा?
आर्वीजवळच्या गावात घरच्या डायमंड करवतीवर जेड या शोभेच्या कठीण दगडाच्या गोट्याच्या चकत्या पाडताना पहिला काप कुठून घ्यावा, असे आपण विचारले आहे. गोटा आधी पाण्यात भिजवून बाहेर काढावा; पृष्ठभाग वाळत आल्यावरही जिथे ओलसर काळी रेघ उरते, तिथे बहुधा भेग असते. मुख्य भेगेला समांतर कापल्यास ती एखाद्या चकतीपुरती राहते, आडवे कापल्यास मात्र जवळजवळ प्रत्येक चकती दुभंगते. वरची साल फसवी असते, म्हणून टोकाचा पातळ काप घेऊन आतला रंग बॅटरीच्या उजेडात पाहावा. कॅबोशॉनसाठी, म्हणजे पैलू न पाडता वरून घुमटासारखा गोलसर घासलेल्या खड्यासाठी, 5 ते 6 मिलिमीटर जाडी पुरते. कोरडे कधीही कापू नये, कारण दगडाची बारीक धूळ फुप्फुसांना घातक असते. उन्हाळ्यात पाण्याची टंचाई असेल, तर गाळ बसू देऊन निवळलेले पाणी पुन्हा वापरावे, पण पात्यावर पडणारी पाण्याची धार थांबू देऊ नये.