तेहतिशीतला जेफर्सन, सत्तरीतला फ्रँकलिन

प्रिय मित्रा,

१७७६ साली अमेरिका घडवणाऱ्यांची वयं तू काढलीस, ते बरं केलंस. जेफर्सन ३३, मॅडिसन २५, मन्रो तर अवघा १८; हे तिघेही पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. आणि २०२५ च्या जानेवारीत ८२ वर्षांचे बायडन पायउतार झाले, ७८ वर्षांच्या ट्रम्प यांनी शपथ घेतली. तुझी चिडचिड रास्त आहे. पण त्या यादीवरून ‘म्हाताऱ्यांना घरी बसवा’ एवढंच काढू नकोस.

त्या काळी माणसं चाळिशीतच जायची, म्हणून तरुणांना संधी मिळाली, असं सर्रास सांगतात. ते खरं नाही. सरासरी आयुर्मान कमी होतं ते मुख्यतः बालमृत्यूंमुळे. जेफर्सन ८३ वर्षं जगला, त्याचा सहकारी जॉन अ‍ॅडम्स ९०. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्या ५६ जणांत २६ वर्षांचा एडवर्ड रटलेज होता, तसा ७० वर्षांचा बेंजामिन फ्रँकलिनही होता.

मला मोलाचं वाटतं ते हे एकत्र बसणं. जाहीरनाम्याच्या मसुद्यासाठी पाच जणांची समिती नेमली. तीत फ्रँकलिनसारखा नावाजलेला लेखक असूनही लेखणी गेली जेफर्सनकडे. पुढे काँग्रेसने, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, मसुद्यात बरीच काटछाट केली, तेव्हा जेफर्सन आतल्या आत तळमळत होता. शेजारी बसलेल्या फ्रँकलिनने त्याला जॉन थॉम्प्सन नावाच्या टोपीवाल्याची गोष्ट सांगितली. दुकानाच्या पाटीचा मजकूर त्याने मित्रांना दाखवला, प्रत्येकाने एकेक शब्द अनावश्यक ठरवला, आणि शेवटी उरलं नुसतं नाव आणि टोपीचं चित्र! ही आठवण जेफर्सननेच लिहून ठेवली आहे. दोघांच्या वयात ३७ वर्षांचं अंतर होतं. काम धाकट्याने करायचं आणि थोरल्याने पाठीशी उभं राहायचं, ही रीत मला त्या जाहीरनाम्याइतकीच मोठी वाटते.

१७८७ मध्ये राज्यघटना ठरवणाऱ्या अधिवेशनाच्या वेळी फ्रँकलिन ८१ वर्षांचा होता. त्याचं तिथलं शेवटचं भाषण त्याचा सहकारी प्रतिनिधी जेम्स विल्सनने वाचून दाखवलं. वय वाढतं तशी स्वतःच्या मताबद्दल शंका वाढते आणि दुसऱ्याच्या मताचा मान ठेवावासा वाटतो, असं त्यात आहे. दहा वर्षांनी वॉशिंग्टन ६५ व्या वर्षी राष्ट्राध्यक्षपदावरून आपणहून बाजूला झाला.

आज तिथे खुर्ची सुटत नाही, त्याला वयापेक्षा व्यवस्था जबाबदार आहे. काँग्रेसच्या, म्हणजे आजच्या अमेरिकी संसदेच्या, समित्यांची अध्यक्षपदं बरीचशी ज्येष्ठतेवर ठरतात, आणि निवडणुकीचा पैसा आधीच पदावर असलेल्याकडे वाहतो. राग यायचा तर याचा येऊ दे. आणि तरुण होते म्हणून ते निर्मळ होते असंही समजू नकोस. सगळी माणसं समान, असं लिहिणारा जेफर्सन गुलाम बाळगून होता.

तुला वाट काढायची असेल तर मॅडिसनकडे बघ. १७८७ च्या अधिवेशनाआधी त्याने जुन्या संघराज्यांचा कसून अभ्यास केला, जेफर्सनने पॅरिसहून धाडलेली पुस्तकं वाचून टिपणं काढली. म्हणून ३६ व्या वर्षी त्याचं म्हणणं ज्येष्ठांना ऐकावं लागलं. तुला खटकणारा एखादा कायदा निवड, मुळातून वाच, तो कसा असायला हवा ते दोन पानांत लिही आणि मला पाठव. मी लगेच वाचून कळवतो.

सस्नेह आशीर्वाद.