वाचकांचे प्रश्न : आयईएलटीएसचा वाचनाचा पेपर

परदेशी शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी द्याव्या लागणाऱ्या आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेविषयी कोल्हापूर आणि आसपासच्या वाचकांकडून आलेली बहुतेक पत्रे या वेळी वाचनाच्या भागाविषयी आहेत. त्यांतील चार प्रश्न येथे घेतले आहेत. पहिल्या पत्रातील अडचण इतर अनेकांचीही असल्यामुळे त्याचे उत्तर विस्ताराने दिले आहे.

प्रश्न : मी मूळचा गडहिंग्लजचा असून कोल्हापुरातून अभियांत्रिकीची पदवी घेतली आहे. दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले. आयईएलटीएस दोनदा दिली. ऐकणे आणि बोलणे यांत ६.५ मिळाले, परंतु वाचनात दोन्ही वेळा ५.५ वरच अडकलो. तिसरा उतारा दर वेळी अर्धवट राहतो आणि ‘ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हन’ (दिलेले विधान उताऱ्यानुसार खरे, खोटे की त्याविषयी उताऱ्यात काहीच नाही) या प्रकारातील निम्मी उत्तरे चुकतात. शब्दांची मोठी यादी पाठ करूनही फरक पडला नाही. काय करावे?

उत्तर : प्रथम हिशेब पाहू. अकॅडमिक, म्हणजे उच्च शिक्षणासाठीच्या, प्रकारात ४० प्रश्नांपैकी साधारण २३ उत्तरे बरोबर आली की ६ आणि ३० बरोबर आली की ७ असा बँड (नऊपैकी गुण) मिळतो, म्हणजे ५.५ वरून ७ पर्यंत जाण्यासाठी आपल्याला हवी असलेली वाढ आठ-दहा उत्तरांची आहे. तिन्ही उताऱ्यांचे मिळून शब्द २१५० ते २७५० इतके असतात. मिनिटाला १५० शब्द हा अगदी सावकाश म्हणावा असा वेग धरला, तरी सर्व मजकूर एकदा वाचून व्हायला पंधरा ते अठरा मिनिटे पुरतात. वेळ ६० मिनिटांचा असतो. तेव्हा आपला वेळ वाचण्यात जात नसून तीच ओळ तिसऱ्यांदा आणि चौथ्यांदा वाचण्यात जातो आहे, असे मला खात्रीने वाटते.

ओळ पुन्हा पुन्हा का वाचावी लागते, याचे कारण बहुधा शब्दसंग्रहात नसून वाक्यरचनेत आहे. मराठीत क्रियापद शेवटी येते आणि ‘जो’ने सुरू होणारे वाक्य आधी येऊन ‘तो’ नंतर येतो. इंग्रजीत कर्ता आधी सांगून टाकतात, मग त्याच्याविषयीची माहिती दोन-दोन ओळी लांबवतात आणि मुख्य क्रियापद त्या माहितीच्या पलीकडे ठेवतात. मराठीच्या सवयीने वाचणारा विद्यार्थी तेथे पोचेपर्यंत कर्ता विसरतो आणि पुन्हा ओळीच्या आरंभाला येतो. यावर उपाय असा की, रोज दहा लांब इंग्रजी वाक्ये घ्यावीत, त्यांतील केवळ कर्ता आणि मुख्य क्रियापद यांच्याखाली रेघ मारावी, आणि मधला मजकूर नंतर वाचावा. मनातल्या मनात मराठी भाषांतर करण्याची सवय मात्र मोडावी लागेल, कारण भाषांतरासाठी संपूर्ण वाक्याची उलटापालट करावी लागते आणि एवढी सवड या परीक्षेत नसते.

भाषांतराचा आणखी एक तोटा आहे. ‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’ या दोहोंना मराठीत आपण ‘थोडे’ म्हणून मोकळे होतो. प्रत्यक्षात पहिल्याचा अर्थ ‘जवळजवळ नाहीतच’ असा आहे आणि दुसऱ्याचा ‘काही आहेत’ असा. ‘नॉट अनटिल १९५०’ याचे ‘१९५० पर्यंत नाही’ असे शब्दशः भाषांतर करून मुले तेथेच थांबतात. ती गोष्ट १९५० साली घडली, हा त्यातला मुख्य अर्थ निसटतो. ‘हार्डली’ या शब्दात नकार दडलेला असतो आणि ‘नॉट अनकॉमन’ म्हणजे बऱ्यापैकी आढळणारे. असे वीस-पंचवीस छोटे शब्द नीट कळले, तर पाठ केलेल्या लांबलचक यादीपेक्षा त्यांचा उपयोग अधिक होईल.

आता ‘ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हन’कडे वळू. येथे चूक बहुधा इंग्रजीची नसते. आपल्याला जे आधीपासून ठाऊक आहे ते आपण उताऱ्यात मिसळतो, ही चूक असते. समजा, उताऱ्यात एवढेच लिहिले आहे : ‘कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि ते महाराष्ट्रातील चार व कर्नाटकातील चार जिल्ह्यांना मिळून देण्यात आले.’ आता चार विधाने पाहा. हे मानांकन एकाहून अधिक राज्यांतील जिल्ह्यांना लागू आहे, हे विधान ट्रू. ते केवळ कोल्हापूर जिल्ह्यापुरते आहे, हे फॉल्स, कारण ते खोटे ठरवणारे ‘चार व चार’ हे शब्द उताऱ्यात आहेत आणि त्यांवर आपल्याला बोट ठेवता येते. मानांकनानंतर चपलांच्या किमती वाढल्या, हे नॉट गिव्हन. कर्नाटकापेक्षा महाराष्ट्रात अधिक चपला तयार होतात, हेही नॉट गिव्हनच; परंतु येथे कोल्हापूरच्या माणसाची लेखणी हटकून ‘ट्रू’कडे वळते, कारण चप्पल लाइन ही कोल्हापुरातील चपलांची बाजारपेठ त्याने लहानपणापासून पाहिलेली असते. अशा वेळी आपल्याला काय ठाऊक आहे, याला परीक्षेत काहीही किंमत नाही. फॉल्स लिहिण्यापूर्वी विधानाला छेद देणारे शब्द उताऱ्यात दाखवता येतात का, एवढा एकच प्रश्न स्वतःला विचारावा आणि ते दाखवता आले नाहीत तर नॉट गिव्हन लिहून पुढे जावे.

या प्रकारातील विधाने उताऱ्यातील क्रमानेच येतात, ही गोष्ट फार उपयोगी आहे. तिसऱ्या विधानाची जागा सापडली आणि पाचव्याचीही सापडली, तर चौथ्याची जागा त्या दोहोंच्या मध्येच असणार. तेथे त्या मुद्द्याविषयी काहीच नसेल, तर उत्तर नॉट गिव्हन असण्याची शक्यता बळावते आणि संपूर्ण उतारा पुन्हा चाळण्याचे कारण उरत नाही. ‘येस, नो, नॉट गिव्हन’ असा पर्याय असेल, तर तेथे वस्तुस्थितीऐवजी लेखकाचे मत विचारलेले असते. पद्धत मात्र हीच.

परिच्छेदांना मथळे जुळवण्याच्या प्रश्नात क्रमाचा आधार मिळत नाही. तेथे पहिले वाक्य वाचून मथळा निवडण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो मला धोक्याचा वाटतो. एखाद्या परिच्छेदाच्या आरंभी राजर्षी शाहू महाराजांनी राधानगरी धरणाचे काम हाती घेतल्याचे एक वाक्य असावे आणि पुढची सहा वाक्ये पाण्याच्या दाबाने आपोआप उघडणाऱ्या त्याच्या सात दरवाजांविषयी असावीत, तर त्या परिच्छेदाचा मथळा ‘एका राजाची दूरदृष्टी’ असा नसून दरवाजांच्या रचनेविषयीचा असतो. पहिल्या वाक्याइतकेच लक्ष शेवटच्या वाक्याकडे द्यावे आणि मधल्या वाक्यांत कोणती गोष्ट पुन्हा पुन्हा येते ते पाहावे.

वेळेच्या वाटणीबाबत, प्रत्येक उताऱ्याला २० मिनिटे ही सरसकट वाटणी मला पटत नाही, कारण उतारे उत्तरोत्तर कठीण होत जातात. पहिल्यासाठी १६, दुसऱ्यासाठी २० आणि तिसऱ्यासाठी २४ मिनिटे ठेवून पाहावीत. दीड मिनिटात न सुटलेल्या प्रश्नाला अंदाजे उत्तर लिहून खूण करावी आणि पुढे जावे.

प्रश्न : मी कसबा बावड्यात राहते आणि एका रुग्णालयात परिचारिका आहे. ब्रिटनमध्ये नोकरीसाठी प्रयत्न करणार आहे. आयईएलटीएसच्या जनरल ट्रेनिंग या दुसऱ्या प्रकारातील वाचन सोपे असते, तेव्हा तीच परीक्षा द्यावी, असे मैत्रिणी सांगतात. ते बरोबर आहे का?

उत्तर : आपल्या बाबतीत बरोबर नाही. ब्रिटनमधील नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलला नोंदणीसाठी अकॅडमिक प्रकारच लागतो आणि त्यात वाचन, ऐकणे व बोलणे यांत प्रत्येकी ७ आणि लेखनात ६.५ असे गुण अपेक्षित असतात. जनरल ट्रेनिंगमध्ये जाहिराती, सूचना, नोकरीच्या ठिकाणची पत्रके असा रोजच्या व्यवहारातला मजकूर अधिक असतो हे खरे. पण ज्या ३० बरोबर उत्तरांवर अकॅडमिकमध्ये साधारण ७ मिळतात, त्याच ३० उत्तरांवर जनरलमध्ये साधारण ६ मिळतात. मजकूर सोपा म्हणून मोजपट्टी कडक, असा हा व्यवहार आहे.

आपण ऑक्युपेशनल इंग्लिश टेस्ट या परीक्षेचाही विचार करावा. तीही या कौन्सिलला चालते आणि तिच्यातील मजकूर आरोग्यसेवेतलाच असतो. तिच्या वाचनाच्या पहिल्या भागात चार छोटे मजकूर आणि २० प्रश्न असून त्यासाठी केवळ १५ मिनिटे मिळतात. वॉर्डात रात्रपाळीला केसपेपर भराभर चाळून नेमकी नोंद शोधण्याची आपल्याला सवय असणार, आणि या भागात तीच सवय कामी येते.

प्रश्न : माझा इचलकरंजीत यंत्रमागाचा छोटा व्यवसाय आहे. मुलाला पदव्युत्तर शिक्षणासाठी बाहेर जायचे आहे. राजारामपुरीत क्लास लावावा की घरी इंग्रजी वृत्तपत्र वाचून भागेल? क्लासची फी आम्हाला जड जाते.

उत्तर : लेखन आणि बोलणे यांसाठी चुका दाखवणारे कोणीतरी लागते, वाचनासाठी क्लासची गरज मला वाटत नाही, कारण उत्तर बरोबर की चूक हे उत्तरसूचीच सांगते. सरावाच्या काही प्रश्नपत्रिका परीक्षा घेणाऱ्या संस्थांच्या संकेतस्थळांवर विनामूल्य मिळतात आणि केंब्रिजची प्रश्नपत्रिकांची पुस्तके ग्रंथालयात किंवा परीक्षा देऊन मोकळ्या झालेल्या विद्यार्थ्यांकडे मिळू शकतात. मुलाने आठवड्याला एकच प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवावी आणि चुकलेल्या प्रश्नांवर त्याच्या दुप्पट वेळ द्यावा. प्रत्येक चुकीसाठी वहीत दोन रकाने करावेत : एकात प्रश्नातील शब्द, दुसऱ्यात त्याच अर्थाचे उताऱ्यातील शब्द. प्रश्नात ‘स्वस्त’ म्हटलेले असते आणि उताऱ्यात ‘सामान्य माणसाच्या आवाक्यातले’ असते. ही अदलाबदल ओळखणे हाच या पेपराचा मोठा भाग आहे. वृत्तपत्र जरूर वाचावे, पण बातम्यांपेक्षा अग्रलेख आणि विज्ञानविषयक लेख अधिक उपयोगी पडतील.

प्रश्न : संगणकावर परीक्षा देताना वाचनाची उत्तरे तपासायला वेगळा वेळ मिळतो का? स्पेलिंग चुकले तर अर्धा गुण मिळतो का? (एक विद्यार्थिनी, शिवाजी विद्यापीठ)

उत्तर : दोन्हींचे उत्तर नाही असेच आहे. कागदावरील परीक्षेत ऐकण्याच्या भागानंतर उत्तरे उतरवण्यासाठी १० मिनिटे मिळतात. त्यामुळे वाचनालाही तशी सवलत असेल असा अनेकांचा समज होतो, पण वाचनाचे सर्व काम ६० मिनिटांतच संपवावे लागते. स्पेलिंग चुकले तर पूर्ण गुण जातो. ब्रिटिश किंवा अमेरिकन, कोणतेही प्रमाण स्पेलिंग चालते. ‘दोनपेक्षा अधिक शब्द नकोत’ अशी सूचना असताना तीन शब्द लिहिले, तर त्यांत योग्य शब्द असूनही गुण मिळत नाही. जोडरेघ असलेला शब्द मात्र एकच धरला जातो. चुकीच्या उत्तरासाठी गुण कापले जात नाहीत, म्हणून कोणतीही जागा रिकामी सोडू नये. संगणकावर उतारा डावीकडे आणि प्रश्न उजवीकडे दिसतात, आणि उताऱ्यातील शब्द निवडून उत्तराच्या चौकटीत जसाच्या तसा उतरवता येतो. स्पेलिंगची धास्ती असेल तर ही सोय सरावातच हाताखालून घालावी.