मायक्रोवेव्ह फिरतोय पण गरम होईना: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: दादा, आमच्या मायक्रोवेव्हची लाईट लागते, ताटली फिरते, टायमर संपला की टिंग वाजतं, पण भाजी जशीच्या तशी थंडच. भाच्याचा इलेक्ट्रिशियनचा आयटीआय झालाय, तो म्हणायलाय मामी प्लग काढून वरचं कव्हर खोलतो, फ्यूज बघतो, प्लग काढल्यावर करंट तर नसणारच. खोलू देऊ का?
(एक वाचक, सेलू, जि. परभणी)

उत्तर: ताई, नका खोलू देऊ, बाकीचं सगळं नंतर. भाचा शिकलेला आहे, घरातली वायरिंग तो नीटच करत असणार, पण तिथं प्लग काढला की विषय संपतो आणि मायक्रोवेव्हमध्ये संपत नाही. आतला ट्रान्सफॉर्मर 230 व्होल्टचे दोन हजाराच्या आसपास करतो, पुढं कपॅसिटर आणि डायोड मिळून ते चार हजारापर्यंत नेतात तेव्हा कुठं मॅग्नेट्रॉन, म्हणजे अन्न गरम करणाऱ्या लाटा तयार करणारा भाग, चालतो, आणि हा कपॅसिटर प्लग काढल्यावरपण चार्ज धरून बसू शकतो. चार्ज उतरवायला त्याच्यात एक रेझिस्टर असतो खरा, पण तोच उडालेला असला तर बाहेरून काहीच दिसत नाही आणि हात लागला की माणूस जाऊ शकतो. शिवाय लाईट लागतेय म्हणजे मेन फ्यूज बहुतेक शाबूतच आहे, म्हणजे ज्याच्यासाठी खोलायचं तेच कारण नाही.

कव्हर न खोलता बघण्यासारखं बरंच आहे. आधी पॉवर बघा, कुणी डीफ्रॉस्टवर किंवा कमी पॉवरवर ठेवलाय का. मग काचेच्या ग्लासात पाणी घेऊन हाय पॉवरवर एक मिनिट लावा, ग्लासभर पाणी एवढ्या वेळात चांगलं कढत व्हायला पाहिजे. एकदा संध्याकाळी बघा आणि एकदा दुपारी बघा, कारण आपल्याकडं संध्याकाळी व्होल्टेज पडतं आणि व्होल्टेज पडलं की साध्या ट्रान्सफॉर्मरवाल्या मायक्रोवेव्हची गरम करायची ताकद लगेच उतरते, लाईट आणि ताटली मात्र चालूच राहते म्हणून माणूस फसतो. एक्स्टेंशन बोर्डावर असेल तर काढून थेट 16 अँपिअरच्या सॉकेटला लावा, 800 वॉट लिहिलेला मायक्रोवेव्ह लाईनमधून बाराशेच्या आसपास ओढतो, बोर्ड तापतो.

दुपारीपण पाणी थंडच राहिलं तर आवाज ऐका. नेहमीचा घुंऽऽ आवाजच येत नसेल तर दाराचा स्विच, रिले असलं काही असू शकतं. नेहमीपेक्षा मोठा घुमायला लागला किंवा जळका वास आला तर डायोड, कपॅसिटर नाहीतर मॅग्नेट्रॉन, लगेच बंद करा आणि परत लावून बघू नका. एवढं मेकॅनिकला फोनवर सांगितलं की तो पार्ट घेऊनच येतो, आणि मॅग्नेट्रॉन निघाला तर आधी भाव विचारा, जुन्या मशीनला कधीकधी तो परवडतच नाही.

प्रश्न: आत ठिणग्या उडायल्यात, उजव्या बाजूला पुठ्ठ्यासारखा तुकडा जळून काळा झालाय.
(एक वाचक, उदगीर)

उत्तर: तो मायका शीट, पुठ्ठा नाही. लाटा जिथून आत येतात ते तोंड तो झाकतो, त्याच्यावर तेल-तिखट उडून बसतं आणि तेच जळतं. हे काम मात्र घरी करता येतं. प्लग काढा, शीट एका स्क्रूनं किंवा खाचेत बसवलेली असते ती काढा, मागची चिकट पुसा, जुनी शीट दुकानात नेऊन तेवढीच मायका आणा, घरच्या कात्रीनं कापता येते. तिच्या जागी साधा पुठ्ठा किंवा प्लॅस्टिक अजिबात नको, आणि शीट नसताना चालवू नका. शीट चांगली असूनपण ठिणग्या येत असतील तर आतला रंग उडून पत्रा उघडा पडलाय का ते बघा, आणि सोनेरी काठाची बशी तर ठेवत नाही ना तेपण.

प्रश्न: दार हातानं दाबून धरलं तरच चालू होतो. इथला एक जण म्हणतो आतला स्विच डायरेक्ट करून देतो, स्वस्तात होईल.
(एक वाचक, अंबाजोगाई)

उत्तर: त्याला काम देऊ नका भाऊ. बऱ्याच मायक्रोवेव्हच्या दाराला तीन स्विच असतात, दार उघडं असताना मशीन चालूच होऊ नये म्हणून. त्यातला एक फक्त बाकीच्यांवर लक्ष ठेवतो, ते चिकटले तर तोच फ्यूज उडवतो. डायरेक्ट केलं की दार उघडं असतानापण लाटा बाहेर येऊ शकतात, आणि लेकरं आधी वाकून आतच बघतात. तुम्ही एवढं करा, प्लग काढून दाराचे हुक आणि त्यांच्या खाचा ओल्या फडक्यानं पुसा, खरकटं अडकलं तरी दार पूर्ण बसत नाही. हुक तुटला असेल, बिजागरी ढिली असेल किंवा दार वाकडं बसत असेल तर दुरुस्त होईपर्यंत वापर बंद, आणि दुसरा मेकॅनिक बघा, स्विच बदलून देणारा.