वाचकांचे प्रश्न : कॉर्नरबॅकने नेमकं कुठे बघायचं?

प्रश्न : मुलगा इथे न्यू जर्सीत हायस्कूलच्या अमेरिकन फुटबॉल संघात कॉर्नरबॅक आहे, म्हणजे पास झेलायला धावणाऱ्या रिसीव्हरला रोखणारा बचावपटू. शनिवारी मी त्याचा आणि त्याच्या मित्रांचा सराव घेतो. पोरं चपळ आहेत, पण रिसीव्हर वळला की दोन पावलं मागे पडतात. तो कुठे वळणार हे आधी ओळखता येतं का?

बऱ्याच अंशी येतं. अशा मुलांचे पाय क्वचितच मंद असतात. बहुतेक वेळा नजर नको तिथे असते, आणि म्हणून पावलं उशिरा पडतात. तेव्हा आधी नजर शिकवा.

सुरुवात स्नॅपच्या, म्हणजे चेंडू मागे देऊन खेळ सुरू होण्याच्या, आधी होते. मैदानावरच्या यार्डांच्या आकड्यांची वरची (मैदानाच्या मध्याकडची) कड साइडलाइनपासून ९ यार्डांवर असते. रिसीव्हर आकड्यांच्या बाहेर उभा असेल तर त्याला बाहेर वळायला जागा थोडी, म्हणून स्लँट (छोटा, तिरका), डिग (काटकोनात आत), पोस्ट (लांब, गोलपोस्टकडे तिरका) असे आत वळणारे रूट, म्हणजे धावायचे ठरलेले मार्ग, धरून चालायचं. आकड्यांच्या दोन-तीन यार्ड आत उभा असेल तर आउट (काटकोनात साइडलाइनकडे) किंवा कॉर्नरची (लांब, मैदानाच्या कोपऱ्याकडे तिरका) शक्यता वाढते. हा पहिला अंदाज; त्यावर पैज लावायची नाही.

मुलाला रिसीव्हरसमोर ७ यार्ड अंतर ठेवून आणि १ यार्ड आतल्या बाजूला उभं करा. स्नॅप झाला की बॅकपेडलची (तोंड समोर ठेवून उलटं मागे पळण्याची) पहिली तीन पावलं नजर रिसीव्हरच्या आरपार क्वार्टरबॅकवर, म्हणजे पास फेकणाऱ्यावर. त्याने चेंडू हातात येताच पाय रोवले आणि खांदा फेकीच्या दिशेने वळवला, तर खेळ छोटा आहे : ५-६ यार्डांवरचा हिच (थोडं पळून थांबायचं आणि मागे वळायचं), स्लँट किंवा झटपट आउट. लगेच थांबून पुढे झेपावायचं. क्वार्टरबॅक मागे सरकत राहिला, तर छोटा रूट संपला. आता नजर रिसीव्हरच्या कमरपट्ट्यावर आणायची आणि चेंडू फेकला जाईपर्यंत पुन्हा क्वार्टरबॅककडे जाऊ द्यायची नाही. ‘आउट अँड अप’सारख्या (बाहेर वळल्याचं दाखवून सरळ पळायच्या) दुहेरी रूटवर पोरं फसतात ती याच चोरट्या नजरेमुळे.

कमरच का? कबड्डी खेळलेल्यांना हे सांगायला नको. डोकं, खांदे, हात हूल देतात. कंबर वळली की माणूस वळलाच. रिसीव्हर थांबायच्या बेतात असला की हातांची लय तुटते, छाती वर येते, पावलं आखूड होऊन बुटांचा तडतड आवाज होतो. हे १०-१२ यार्डांच्या आसपास दिसलं तर कर्ल (थांबून आतल्या बाजूने मागे वळणं), कमबॅक (थांबून साइडलाइनकडे मागे येणं), आउट किंवा डिग. काहीच दिसलं नाही आणि ७ यार्डांचं अंतर ३ वर आलं, तर वाट बघू नका, वळून पळा. पोस्टवर तो फारसा वेग कमी करत नाही, त्यामुळे तिथे ही खूण मिळत नाही.

सगळे रूट एकदम शिकवू नका. पहिल्या दिवशी फक्त हिच आणि सरळ पळणारा गो. चेंडू नको, बॅकपेडलही नको. मुलाने जागेवर उभं राहून ‘छोटा’ किंवा ‘लांब’ एवढंच ओरडायचं. दहापैकी आठ बरोबर आले की बॅकपेडल जोडा, मग कर्ल, मग स्लँट. बॅकपेडलमध्ये छाती पायाच्या बोटांवर झुकलेली हवी. मुलगा ताठ झाला की थांबताना वजन टाचांवर जातं, एक फुकट पाऊल मागे पडतं, आणि तुम्ही म्हणता ती दोन पावलं तिथेच हरवतात.

प्रश्न : एकाच बाजूला दोन रिसीव्हर आले की माझा कॉर्नरबॅक गोंधळतो.

बाहेरून मोजून दुसरा कोण, ते त्याला आधी बोटाने दाखवायला लावा. दुसरा लगेच साइडलाइनकडे निघाला, तर पहिला बहुतेक स्लँट किंवा कर्लवर आत येतो. दुसरा सरळ वर गेला आणि पहिला ५ यार्डांवर थांबला, तर ‘स्मॅश’ समजा. दुसरा पुढे कॉर्नरकडे वळणार. कव्हर टूमध्ये (दोन बचावपटू खोलवर मागे राहतात त्या रचनेत) कॉर्नरबॅक समोरच्या हिचवर झडप घालतो आणि चेंडू त्याच्या डोक्यावरून जातो. चेंडू हातातून सुटेपर्यंत त्याने मागे सरकत राहावं. हिचचे ५ यार्ड गेले तर जाऊ द्या, झेल होताच पुढे येऊन टॅकल करा, म्हणजे पकडून पाडा.

प्रश्न : लांब पासवर दर वेळी आमच्यावर पास इंटरफिअरन्सचा (झेल घेणाऱ्याला बेकायदा अडवल्याचा) फाऊल होतो. (डॅलसजवळून)

आधी मुलाने स्वतःला विचारायचं : मी रिसीव्हरच्या कमरेला कंबर लावून आहे का? असेल तरच मान वळवून चेंडू शोधायचा. एक पाऊलही मागे असेल तर मागे बघू नये, कारण बघताना आणखी एक पाऊल जातं आणि मग हात आपोआप जर्सी पकडतो. अशा वेळी रिसीव्हरच्या हातांकडे बघा. ते वर गेले की जवळचा हात त्यांच्या मधोमध घालून चेंडू खाली पाडा, दुसरा टॅकलसाठी राखून ठेवा. हात चेंडूबरोबर पोचला पाहिजे. आधी पोचला तर फाऊल.

टेक्सासच्या सरकारी शाळा कॉलेजचे, म्हणजे एनसीएएचे नियम वापरतात. त्यामुळे तुमच्याकडे हा फाऊल जास्तीत जास्त १५ यार्डांचा, आणि सोबत आपोआप फर्स्ट डाउन, म्हणजे हल्ला करणाऱ्या संघाला नव्याने चार प्रयत्न. बहुतेक राज्यांतल्या हायस्कूल नियमांत १५ यार्ड जातात, पण २०१३पासून आपोआप फर्स्ट डाउन मिळत नाही. एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, तर फाऊल झाला त्या जागेवर चेंडू जातो.

प्रश्न : पुण्यात मुलींना फ्लॅग फुटबॉल (टॅकलऐवजी कमरेचा फ्लॅग ओढायचा प्रकार) शिकवतो. हेच लागू होतं का?

नजरेचं सगळं लागू होतं, धक्क्याचं काहीच नाही. २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये येणाऱ्या पाच-पाचच्या खेळात रिसीव्हरला अडवायला हात लावता येत नाही. ७ यार्डांवरून क्वार्टरबॅकवर धावून येणाऱ्या बचावपटूमुळे (ब्लिट्झर) चेंडूही लवकर सुटतो. म्हणून ५ यार्डांवर उभं राहून छोट्या रूटची तयारी जास्त करा. नजर कमरेवर ठेवायची सवय इथे दुप्पट कामाला येते, कारण ओढायचा फ्लॅगही तिथेच लटकत असतो.