सोन्याच्या नॅनोकणांवरून जनुकीय औषध कॅन्सरच्या गाठीपर्यंत खरंच पोहोचतं का?

पोहोचतं, पण थोडंच. हे औषध म्हणजे आरएनए, पेशीतल्या ठरावीक जनुकाचं काम थांबवणारा रेणू. तो नुसताच रक्तात सोडला तर तिथली एन्झाइम्स बघता बघता त्याचा फडशा पाडतात. म्हणून सोन्याच्या 13 नॅनोमीटरच्या कणावर आरएनएचे तुकडे गंधकाच्या बंधाने दाटीवाटीने, कदंबाच्या फुलासारखे उभे करतात.

अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने हे ग्लायोब्लास्टोमावर, म्हणजे मेंदूच्या कॅन्सरवर, तपासलं. निष्कर्ष 2021 मध्ये आले. 8 रुग्णांना शिरेतून औषध दिलं आणि नंतर शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठींमध्ये सोनं सापडलं. माझ्या मते खरी बातमी हीच, कारण मेंदूत सहसा औषध शिरतच नाही. कॅन्सरपेशीला मरू न देणारं बीसीएल2एल12 हे प्रथिनही घटलेलं दिसलं.

मात्र डोस मुद्दाम अगदी कमी ठेवला होता. रुग्ण बरे होतात का, हे तपासायचा तो प्रयोगच नव्हता. आणि हो, सुवर्णभस्माचा याच्याशी काडीचाही संबंध नाही.