नमस्कार न करता काठी धरली तर?

या वेळची तिन्ही पत्रं सोलापूरचीच आहेत, आणि तिघंही वेगवेगळ्या शब्दांत एकच विचारतायत की माणूस नक्की कोण आहे हे कशावरून ठरतं. नावं नेहमीप्रमाणे छापत नाही.

प्रश्न : ताई, मी २६ वर्षांचा, बाळीवेशीत राहतो, साखर कारखान्यात लॅबला आहे. आमच्या घरात आजोबांपासून गड्ड्याच्या यात्रेत काठी धरतात, मी पण कॉलेजला असल्यापासून धरतोय. पण माझा देवावर विश्वास राहिला नाही, म्हणजे कुणाशी भांडण वगैरे नाही, फक्त राहिला नाही. सराव सुरू झाला तसा एक मित्र म्हणाला, ‘काय बे, दिवसभर नास्तिक म्हणून स्टेटस टाकतोस अन् रात्री काठी धरालास?’ घरी बाबांना मनातलं सांगितलं तर ते म्हणाले, हात जोडायचे नसतील तर काठीलाही हात लावू नको. दोन्हीकडून खोटा ठरलोय. काठी धरताना घालायची बाराबंदी कपाटात ठेवून देऊ का?

उत्तर : अरे, तुझा मित्र आणि तुझे बाबा एकच बोलतायत, हे तुझ्या लक्षात आलं का? दोघांनाही तुझं मन आधी ठरवून पाहिजे, आणि हातानं काय करायचं ते त्यानंतर. माणूस असा चालत नाही. निदान मी तरी असा चालणारा फारसा बघितला नाही.

सोलापूरबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. संक्रांतीच्या दिवसांत सिद्धेश्वरांची, म्हणजेच संत सिद्धरामांची, यात्रा भरते, तिला आम्ही गड्डा म्हणतो. सात नंदीध्वज निघतात, त्यांनाच आम्ही काठ्या म्हणतो. पहिल्या दिवशी ६८ लिंगांना तैलाभिषेक, दुसऱ्या दिवशी तळ्याकाठी सम्मती कट्ट्यावर अक्षता, मग होम. कुंभाराच्या मुलीनं सिद्धरामांशी लग्न करायचा हट्ट धरला आणि त्यांनी तिला आपल्या योगदंडाशी लग्न करायची परवानगी दिली अशी कथा आहे, तेच लग्न दरवर्षी लागतं. उंचच उंच काठी एकटा माणूस कमरेवर तोलून चालतो आणि बाकीचे भोवतीनं असतात.

मी काठी कधी धरली नाही, पण लहानपणापासून बघत आलेय. काठी ज्याच्याकडं असते त्याची नजर शेंड्यावर असते, रस्त्याकडं बघायला त्याला जमतच नाही. खड्डा कुठंय, वायर कुठं खाली आलीय, गर्दी कुठं दाटलीय हे बाजूचे सांगणार आणि तो त्यांच्या शब्दावर पाऊल टाकणार. दम लागला की दुसरा पुढं येतो. मानेच्या शिरा ताणलेल्या, घाम डोळ्यात चाललाय पण पुसायला हात मोकळा नाही, आणि मागून ‘एकदा भक्तलिंग हर्र, बोला हर्र’. त्या वेळी त्या माणसाच्या मनात देव किती टक्के आहे हे कोण मोजणार, आणि कशाला? तू बाजूच्यांवर विश्वास ठेवतोस आणि ते तुझ्यावर, हे तर खरं आहे ना? मग यात खोटं काय ते मला दाखव.

तुझ्या मित्रालाही माझं एक विचारणं आहे. याच दिवसांत, १२ जानेवारीला, आपण सगळे चार पुतळ्यांपाशी जातो. १९३० साली सोलापुरात मार्शल लॉ लागला, त्यानंतर मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघा स्वातंत्र्यसैनिकांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली. तिथं हार घालणारा नास्तिक खोटा ठरतो का? तो काही मागायला गेलेला नसतो. आपण कुणाचे, कुणाच्या मागून आलो, हे सांगायला माणसाला शब्द पुरत नाहीत, म्हणून तो फूल वाहतो, काठी धरतो, पायी चालतो.

आणि तुझी शंका नवी नाही बरं का. ती खुद्द सिद्धरामांच्या चरित्रात आहे. बाराव्या शतकात सोन्नलगीला, म्हणजे आपल्याच गावात, ते लोकांना घेऊन तळं खोदत होते, देवळं बांधत होते. तिथं संत अल्लमप्रभू आले आणि त्यांनी तोंडावर विचारलं की बाहेर एवढं खोदतोयस, आत काय आहे? कन्नड शरण साहित्यात, म्हणजे शिवभक्त संतांच्या साहित्यात, हा वाद मोठ्या ताकदीनं आलाय. सिद्धराम त्यानंतर कल्याणला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, गेले, चन्नबसवण्णांकडून दीक्षा घेतली, पुढं परत आले आणि त्यांची समाधी इथंच आहे. मला त्या गोष्टीत सगळ्यात जवळचं काय वाटतं सांगू? ज्याच्या यात्रेत तू चालतोस त्याचं काम आधी झालं, आतला प्रश्न नंतर आला, आणि प्रश्न आला म्हणून कुणी तळं बुजवलं नाही.

आता करायचं काय. बाबांना स्पष्ट सांग की हात जोडायचं नाटक मी करणार नाही, पण काठीची जबाबदारी जशी तुम्ही सांभाळली तशीच सांभाळीन. सरावाला एकही रात्र चुकवू नको, त्यांना शब्दांपेक्षा ते जास्त कळेल. एवढं करूनही ते किंवा मानकरी नको म्हणाले तर त्यांचा मान ठेव, यात्रा त्यांचीही आहे, त्यांच्या श्रद्धेची आहे. मग बाजूनं चाल, वायरी बघायला माणसं लागतातच. आणि त्या स्टेटसमध्ये श्रद्धाळू लोकांची टिंगल असेल तर ती आधी बंद कर. तुझ्या खरेपणाला धक्का लागत असेल तर तो तिथं लागतो.

प्रश्न : ताई, तुम्ही सगळ्यांना उत्तरं देता, तुमचं स्वतःचं काय? देव मानता का? लग्न का केलं नाही? (वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर : मानते. रोज संध्याकाळी दिवा लावते, मागत काही नाही. आमच्या घरी बोलायला कन्नड पण शाळा मराठी, त्यामुळं आजीच्या तोंडची शरणांची वचनं कानात होती आणि ती वाचता येत नव्हती. नोकरी लागल्यावर कन्नड लिपी शिकले, अक्षर अक्षर लावून. ‘कपिलसिद्ध मल्लिकार्जुना’ ही सिद्धरामांची मुद्रा, म्हणजे वचनकर्त्याची खूण, वचनाच्या शेवटी स्वतःच्या डोळ्यांनी वाचली तो आनंद मला अजून कशाशी बदलायचा नाही. लग्नाचं म्हणाल तर मला एकटं राहायला आवडतं, हे मला विशीतच कळलं होतं आणि घरच्यांनी ऐकून घेतलं. लोकांना त्यामागं एखादं दुःख पाहिजे असतं, ते नाहीये.

प्रश्न : मॅडम, मी ३८ वर्षांची, पूर्व भागात राहते. घरी आम्ही तेलुगू बोलतो, मराठीत चुकलं तर समजून घ्या. आई विड्या वळायची, मी युनिफॉर्मच्या कारखान्यात कटिंगला आहे, आधी हेल्पर होते आता माझ्या हाताखाली पोरी आहेत. मुलगी बारावीला आहे, ती मोबाईलवर व्हिडिओ दाखवते की प्रत्येकाला पॅशन पाहिजे, नाहीतर आयुष्य वाया. तिनं मला विचारलं अम्मा तुझं पॅशन काय, मला काही सांगताच आलं नाही. रात्रभर झोप नाही. काम नीट करते, घरी येते, जेवते, झोपते. पोरगा समोर उभा राहिला तर टेप न लावता सांगते २८ नंबर का ३०, पण हे काय पॅशन नाही ना. एक ऑनलाईन कोर्स आहे, आपलं पॅशन शोधून देतात, पैसे भरू का?

उत्तर : पैसे अजिबात भरू नका. हे पहिलं.

तुमचं पत्र मी परत परत वाचलं. आणि मला राग आला, तुमच्यावर नाही, ज्या कुणी तुमची झोप घालवली त्यांच्यावर. ‘पॅशन नाही तर आयुष्य वाया’ हे कुणी सांगितलं? ज्यांना काम निवडायची मुभा मिळते त्यांनी आपलं माप सगळ्यांना लावायचं हे मला मुळीच पटत नाही. तुमच्या आईनं विड्या वळल्या त्या आवड म्हणून वळल्या का? पानं भिजवायची, कापायची, तंबाखू भरून वळायची, दोऱ्यानं बांधायची, आणि कारखान्यात नेऊन दिल्यावर त्यातल्या काही खराब म्हणून बाजूला काढल्या जायच्या. त्या कामानं छाती आणि पाठ दोन्ही जातात. त्यातून त्यांनी तुम्हाला उभं केलं. त्या आयुष्याला वाया म्हणायची कुणाची छाती आहे?

तुमच्या हाताबद्दल मात्र बोलायचंय. मी कटिंगचं टेबल जवळून बघितलंय. कापडाचे थरावर थर, वरच्या थरावर खडूच्या खुणा, आणि मशीन एकदा फिरलं की सगळे थर एकदम कापले जातात. वर सुताभर चुकलं तर खालपर्यंत तेवढंच चुकतं, मग कुणाची बाही आखूड, कुणाचा खांदा उतरलेला. जून महिन्यात कुठल्या कुठल्या गावातली पोरं तुम्ही कापलेला शर्ट घालून शाळेत जातात, आणि तो त्यांना नीट बसतो. तुम्हाला हे आवडतंच असं मी म्हणणार नाही, मला माहीत नाही आणि तुमच्याकडून ते वदवून पण घ्यायचं नाही. पण हे येणं तुमचं आहे. टेप न लावता नंबर सांगणं कुणी दिलेलं नाही, तुम्ही बघून बघून कमावलंय.

एखादं काम मन लावून करणं आणि त्याचं वेड असणं या दोन गोष्टी आहेत. वेड असलं तर छान, मला वचनांचं आहे. नसलं तरी काही अडत नाही. काही माणसांचा जीव कामात असतो, काहींचा माणसांत, काहींना रविवारी दुपारी निवांत झोप मिळाली की पुरतं, आणि तुम्ही दिवसभर उभ्या असता तर ती झोप तुमच्या हक्काची आहे.

मुलीवर रागावू नका. तिनं विचारलं ते प्रेमानंच असणार, आईला कधी कुणी काही विचारत नाही आणि तिनं विचारलं. बारावीचं वर्ष आहे, तिच्यासमोर आता दहा रस्ते आहेत आणि ती घाबरलेली असेल, ती तुमचं पॅशन विचारतेय म्हणजे स्वतःचं शोधतेय. तिला एखाद्या सुट्टीच्या दिवशी मालकांची परवानगी काढून टेबलापाशी न्या. खडू तिच्या हातात द्या, एक खूण करू द्या. तेलुगूतच समजावून सांगा, तुमच्या भाषेत तुम्ही जास्त मोकळ्या बोलाल.

आणि तुमचं मराठी मला व्यवस्थित समजलं. पुढचं पत्र तिची परीक्षा झाल्यावर पाठवा, निकाल कळवा.