पोच घेतलीत का?

प्रश्न : आठ महिन्यांपूर्वी आम्ही ठाण्यात जुना फ्लॅट घेतला. करारनाम्याची नोंदणी झाली, मेंटेनन्सही नियमित भरतो. पण पावती अजून आधीच्या मालकांच्या नावाने येते. सभासदत्वाचा अर्ज मी सचिवांच्या हातात दिला होता. ते म्हणतात, "इमारत निधीला एक लाख द्या, मग शेअर सर्टिफिकेटवर नाव चढवू." वार्षिक सभेलाही बसू दिलं नाही. पैसे देऊन विषय संपवावा का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही, देऊ नका. महापालिका हद्दीत हस्तांतरण प्रीमियम, म्हणजे फ्लॅट दुसऱ्याच्या नावावर करताना सोसायटी घेते ती रक्कम, 25,000 रुपयांच्या वर घेता येत नाही. शासनाचं 9 ऑगस्ट 2001 चं परिपत्रक तसं स्पष्ट सांगतं. देणगी म्हणा, इमारत निधी म्हणा, नाव बदलल्याने ती मर्यादा वाढत नाही. शिवाय प्रीमियम किती, हे सर्वसाधारण सभेने ठरवायचं असतं. त्या ठरावाची प्रत मागा.

पण मला तुमच्या पत्रातलं खटकलं ते वेगळंच. अर्ज "हातात दिला" म्हणता, पोच घेतलीत का? मी अकरा वर्षं आमच्या सोसायटीची सचिव होते. एका ताईंचा अर्ज आमच्याकडे चार महिने पडून राहिला, कारण अध्यक्षांचं आधीच्या मालकाशी पार्किंगवरून बिनसलं होतं. सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 22 प्रमाणे अर्ज मिळाल्यापासून तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही, तर अर्जदार आपोआप सभासद मानला जातो. नकार द्यायचा तर कारणंही कळवावी लागतात. हे मला सहकारी संस्थांच्या उपनिबंधक कार्यालयात समोर बसवून सांगितलं गेलं. त्या बाईंना आम्ही किती ताटकळत ठेवलं, याची खंत आजही आहे. त्यांच्याकडे आमच्या शिक्क्याची, तारखेची प्रत होती, म्हणून त्यांचं काम झालं.

तेव्हा नव्याने अर्ज करा. सोबत नोंदणीकृत करारनामा, इंडेक्स टू (करारनाम्याच्या नोंदणीचा सरकारी उतारा), 500 रुपये हस्तांतरण शुल्क आणि 100 रुपये प्रवेश शुल्काचा चेक जोडा. दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का घ्या. अर्ज घ्यायलाच नकार दिला, तर तो रकमेसह उपनिबंधकांकडे देता येतो. ते तो सोसायटीकडे पाठवतात. कलम 23 मध्ये ही सोय आहे, आणि फार थोड्यांना ती ठाऊक असते. तीन महिने उलटूनही कमिटी सभासद मानायला तयार नसेल, तर तुम्ही सभासद झालात की नाही याचा निर्णयही उपनिबंधकच देतात.

मेंटेनन्स मात्र रागाच्या भरात थांबवू नका. थकबाकी दिसली की कमिटीला आयतं कारण मिळतं. बँकेतूनच भरा, शेऱ्यात फ्लॅट नंबर आणि महिना लिहा, आणि पावती तुमच्या नावाने मिळावी असं दर वेळी लेखी कळवत राहा.